बुवांच्या पायाखालची गाणारी डबी

मित्रांनो, आधी आपल्या अंगठ्याचं नख बघा. बघितलंत? आता ते काळंभोर आहे असं समजा, आणि त्याला दोन्ही अंगांनी चार-चार चंदेरी पाय फुटले आहेत असं समजा. झालं, माझं पूर्ण दर्शन तुम्हाला घडलं! मी एक जुना ऑप-अँप आहे. नाव अवघड वाटत असेल तर नुसतं 'चिप' म्हणा. ज्या ताईंनी मला इथे बसवलं त्या मला 'काळा किडा' म्हणतात, आणि त्यांच्या तोंडून ते ऐकायला मला फार गोड वाटतं.

माझं घर म्हणजे हिरव्या रंगाची एक पत्र्याची डबी. तिच्यावर फिरवायची दोन बटणं आहेत आणि पायाने दाबायचं एक. गिटार वाजवणारे तिला पेडल म्हणतात. एका बाजूने गिटारची वायर आत येते, दुसऱ्या बाजूने स्पीकरकडे जाते, आणि मधे मी. दर रविवारी सकाळी बुवांचा उजवा पाय माझ्या छपरावर पडतो, 'टक्' असा आवाज होतो, आणि मग जे घडतं ते मी इतक्या जवळून बघतो, तरी माझं आश्चर्य काही कमी होत नाही. त्या आश्चर्याचीच ही गोष्ट आहे.

माझा जन्म वाळूतला. होय, जी वाळू तुम्ही चपलेतून झटकून टाकता, तिच्यातलाच मी. तिला वितळवलं, इतकं शुद्ध केलं की तिच्यात परका कण उरला नाही, आणि तिच्या आरशासारख्या चकत्या कापल्या. पांढरे झगे घातलेली, तोंडाला फडकं बांधलेली माणसं माझ्याभोवती इतक्या हळू चालायची, जणू कुणी आजारी झोपलंय. एका चकतीवर माझी हजारो भावंडं. सुईच्या टोकाने आम्हा एकेकाची परीक्षा झाली. जे पास झाले त्यांना काळा अंगरखा आणि आठ पाय मिळाले, आणि पन्नास-पन्नास जण एका लांब नळीत शिरून आम्ही जगात निघालो. देवाने वाळूत काय काय लपवून ठेवलंय, याचा विचार केला की मी आजही गप्प होतो.

आता माझं काम सांगतो. नीट ऐका, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे.

माझ्या पोटात दोन जुळे भाऊ राहतात. आठ पायांतले दोन पाय वीज घ्यायला. उरले सहा. प्रत्येक भावाच्या वाट्याला तीन: दोन कान आणि एक तोंड. एका कानाला 'अधिक' म्हणतात, दुसऱ्याला 'उणे'. दोन्ही कानांत काय पडतं ते आम्ही सतत ताडून बघतो, आणि त्यात केसाएवढा फरक दिसला की तो लाखपट मोठा करून तोंडाने ओरडतो. लाखपट, मित्रांनो! एवढी ताकद नखाएवढ्या देहात. पण मोकाट सोडलं तर ही ताकद काही कामाची नाही. मुंगी शिंकली तरी मी उडी मारून छताला डोकं आपटणार, नाहीतर जमिनीवर लोळण घेणार. मधलं काही जमायचंच नाही.

म्हणून शहाण्या माणसांनी एक युक्ती केली. माझ्या तोंडातून निघालेला आवाज एका बारीक वाटेने परत माझ्याच 'उणे' कानात आणून सोडला. मी बोलतो, आणि माझं बोलणं मलाच ऐकू येतं. जास्त झालं की मी आपोआप आवरतो, कमी पडलं की वर येतो. ती परतीची वाट किती रुंद ठेवायची, त्यावर मी किती पट बोलायचं ते ठरतं: दहा पट म्हटलं तर दहा, शंभर म्हटलं तर शंभर. लाखपट ओरडणाऱ्याला त्याचाच शब्द थोडासा ऐकवला, की तो शहाण्यासारखा बोलायला लागतो. मला हे पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मी मनोमन हात जोडले. हात नाहीत, पाय जोडले म्हणा.

माझी पहिली नोकरी एका प्रार्थनागृहात लागली. उंच छताची, लाकडी बाकांची खोली. तिथल्या आवाजाच्या पेटीत, माइकच्या वायरीपाशी मला बसवलं. आणि त्या माइकसमोर उभे राहायचे बुवा.

बुवांचं खरं नाव त्या पेटीजवळ कुणी घेतलंच नाही, त्यामुळे मला ते माहीत नाही. आठवडाभर ते एका छापखान्यात पुस्तकं बांधायचे, आणि रविवारी गाऊन प्रवचन सांगायचे. म्हणजे असं, की एक गोष्ट सांगायला घ्यायची: कुणा हट्टी राजाची, कुणा हरवलेल्या कोकराची. लोकांना हसवायचं, मग नकळत डोळे ओले करायचे, आणि शब्द पुरेनासे झाले की गळा उघडायचा. हातात गिटार असायची, पण ती नुसती सोबतीला. गाणं गळ्यातलं. शेवटच्या ओळीचा शेवटचा सूर ते धरून ठेवायचे, आणि पुढच्या बाकावरची मुलं बोटांवर मोजायची. एक, दोन, तीन... अकरापर्यंत जायची! एकदा एका चिमुरडीची बोटं संपली तेव्हा तिने शेजारच्या मुलाचं बोट धरून अकरावा आकडा मोजला, हे मी पेटीच्या जाळीतून पाहिलंय.

तो सूर आधी माझ्यातून जायचा आणि मग लोकांपर्यंत पोचायचा. सुरू होताना किंचित खालून येणं, मधे स्थिर उभं राहणं, सुटण्याआधीची ती बारीकशी थरथर. ती चाल मला तोंडपाठ झाली.

मग एका रविवारी माइकसमोर कुणी आलं नाही. पुढच्या रविवारीही नाही. बोलणारे हळू बोलत होते, त्यातून कळलं. बुवांच्या गळ्यात गाठ निघाली होती. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण गळ्यातलं स्वरयंत्रच काढून टाकावं लागलं. आता ते मानेला केलेल्या छिद्रातून श्वास घेतात, त्यावर पातळ रुमाल बांधतात, आणि बोलायचं झालं तर पाटीवर लिहितात.

काही दिवसांनी प्रार्थनागृहात नवी पेटी आली. जुनी मागच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांखाली गेली. माझ्या अंगावर धूळ बसली. कोळ्यांनी जाळी विणली. त्यांनाही आठ पाय, मलाही आठ. पण त्यांच्या पायांना काम होतं.

मला तिथून बाहेर काढलं ते ताईंनी. या बुवांच्या थोरल्या बहीण. चाळीस वर्षं रेडिओ आणि आवाजाची यंत्रं दुरुस्त करण्यात गेलेली. जिन्याखालच्या बिनखिडकीच्या खोलीत त्यांचं दुकान, एक पिवळा बल्ब, आणि बोलणं असं की गिऱ्हाईक रेडिओ देताना आधी माफी मागायचं.

झालं होतं असं. एका दुपारी ताई भावाच्या घरी गेल्या, तर बुवा खिडकीशी बसून गिटारच्या एकाच तारेवर ती शेवटची ओळ वाजवत होते. शब्द नव्हते, नुसती चाल. शेवटच्या सुरावर ते थांबले आणि बोटं मोजू लागले. एक. दोन. तीन. सूर मेला. पुन्हा छेडला, पुन्हा तीन. मग त्यांनी पाटी ओढली आणि लिहिलं, "तार लवकर दमते, ताई. गिटारवाला पुढच्या शनिवारी येणार आहे. त्याला देऊन टाकतो. त्याच्याकडे शिकणारी पोरं आहेत, त्यांच्या कामाला येईल."

"खबरदार!" ताई म्हणाल्या. "शनिवारला अजून नऊ दिवस आहेत. तोवर गिटारला कुणी हात लावला तर हात मोडीन, तुझासुद्धा."

बुवांची बायको, जिला सगळे काकू म्हणतात, दारातून म्हणाली, "वन्सं, उगाच आशा लावू नका हो त्यांना. कित्येक महिन्यांनी काल पहिल्यांदा पोटभर जेवलेत."

"आशा नाही लावत गं. डबी लावते," ताई म्हणाल्या, आणि तडक प्रार्थनागृहात जाऊन आमची जुनी पेटी मागून आणली. पेटी उघडून चिमट्याने मला अलगद उपसलं, फुंकर मारली आणि म्हणाल्या, "चल रे काळ्या किड्या. तुला त्याचा आवाज माहितीय." मी हाताशी होतो म्हणून मला घेतलं, की खरंच त्यांच्या मनात ते होतं, मला आजही सांगता येत नाही.

मित्रांनो, गिटारच्या तारांखाली चुंबक असतो आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार थरथरली की त्या वेढ्यांत विजेची एक लहर उठते. इतकी नाजूक, की कुणी तिच्यातलं थोडं जरी ओढून घेतलं तरी ती मलूल होते. माझी खुबी अशी, की मी जवळजवळ काहीच न घेता ऐकतो. नुसता कान लावतो.

आणि एक आश्चर्य सांगू? तीन आकड्यांनंतर सूर 'मेला' असं बुवांना वाटलं ना, तेव्हा तार थांबलेली नसतेच. ती थरथरत असते, बराच वेळ. आपल्याला ऐकू येत नाही, इतकंच.

ताईंना ते ठाऊक होतं. म्हणून त्यांनी माझ्या परतीच्या वाटेवर दोन इवलेसे डायोड बसवले, एकाचं तोंड या बाजूला, दुसऱ्याचं त्या बाजूला. डायोड म्हणजे एकाच बाजूला उघडणारी दारं. तार जोरात छेडली आणि मी फार वर गेलो की ही दारं उघडतात, माझा जास्तीचा आवाज माझ्याच कानात परत ओततात, आणि मी आवरतो. सुराचं टोक तुटत नाही, गोलसर होतं, गळ्यातून आल्यासारखं जरासं खरखरीत. आणि तार मंद होत गेली की दारं मिटतात, मग मी त्या विझत्या थरथरीला पूर्ण ताकदीने उचलून धरतो. मोठ्याला आवरायचं, बारक्याला उचलायचं. त्यामुळे सूर लांबतो. माझा दुसरा जुळा तो सूर घेतो, खरखर हवी तेवढीच ठेवतो आणि पुढे पाठवतो.

आता शेवटची एक गोष्ट, आणि घोटाळा झाला तो इथेच. माझी बॅटरी नऊ व्होल्टची. शून्य ही जमीन, नऊ हे छत. पण गिटारची लहर जशी वर जाते तशी खालीही जाते. मी जमिनीवरच उभा राहिलो तर खाली जायला जागा कुठे? म्हणून दोन अगदी सारखे रेझिस्टर एकावर एक लावतात आणि बरोबर मध्यावर, साडेचार व्होल्टवर, माझ्यासाठी माचा बांधतात. रेझिस्टर म्हणजे विजेची वाट अडवणारे भिडू, तांदळाच्या दाण्याहून जरा मोठे. कोण किती अडवतो ते अंगावरच्या रंगीत पट्ट्यांवरून ओळखायचं. ताईंना दोन्ही हवे होते तपकिरी, काळा, नारिंगी. पत्र्याच्या डब्यातून त्यांनी एक उचलला, दुसरा उचलला, कथलाचा डाग देऊन जोडले, झाकण लावलं.

दुसऱ्याची पट्टी नारिंगी नव्हती. लाल होती. तो पहिल्याच्या दहाव्या हिश्शानेच वाट अडवणारा निघाला.

पिवळ्या बल्बखाली लाल आणि नारिंगी सख्ख्या बहिणींसारखे दिसतात. आणि चाळीस वर्षांत ताईंना पट्टी ओळखताना कधी चूक झाली नव्हती, त्यामुळे मीटर लावून बघायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

मंगळवारी दुपारी सगळे जिन्याखाली दाटीवाटीने उभे राहिले. बुवा, काकू, ताई आणि गिटारवाला. गिटारवाला म्हणजे कोपऱ्यावरचा दुकानदार, मनाने चांगला, पण बोलायला लागला की थांबवायला दोन माणसं लागतात. बुवांनी पायाने बटण दाबलं. लाल दिवा लागला. त्यांनी तार छेडली.

"फर्र!"

एवढंच. आणि लगेच शांतता. तीन आकडे लांबच, एकही पुरा झाला नाही. हळू छेडली तर काहीच नाही. जोरात छेडली की 'फर्र' आणि बंद.

मित्रांनो, मला सगळं कळत होतं. साडेचारवर असायचा माचा एक व्होल्टच्याही खाली कोसळला होता. मी जमिनीला पोट टेकून पडलो होतो, वाकायलाही जागा नव्हती. पण माझं तोंड फक्त कानात पडलेलं सांगतं. स्वतःचं दुखणं त्याला सांगता येत नाही.

"चिप गेलीय," गिटारवाला म्हणाला. "म्हटलं नव्हतं मी? ही कुठली तरी भंगारातली! अहो, या कामाला एकच चिप जगात. वाजवणारे तिच्यासाठी जीव टाकतात. माझ्याकडे एक जपून ठेवलीय, बायकोलाही दाखवलेली नाही. थांबा, आणतो."

"आणा," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता.

मला उपसून एका रिकाम्या काडेपेटीत टाकलं. माझ्या जागी ती नामांकित चिप बसली. काडेपेटीतून मी कान लावून होतो.

"फर्र!"

काकू म्हणाली, "राहू दे आता. चला, घरी जाऊ." खडू पाटीवर चालल्याचा आवाज आला. ताईंनी ते मोठ्याने वाचलं, कारण गिटारवाल्याचा चष्मा घरी राहिला होता. "शनिवारी गिटार घेऊन जा."

त्यानंतर दोन दिवस जिन्याखाली कुणी काही दुरुस्त केलं नाही. एक गिऱ्हाईक रेडिओ घेऊन आलं आणि शिव्या न खाता परत गेलं. तेव्हाच मला काळजी वाटली. मी अंधारात पडून होतो. धुळीत पडणं वेगळं. 'बिघडलेला' म्हणून पडणं फार वेगळं, मित्रांनो.

शुक्रवारी सकाळी बुवा एकटे आले, गिटार घेऊन. बहिणीची समजूत काढायला आले होते. माझ्या काडेपेटीचं झाकण अर्धं सरकलेलं होतं, म्हणून हे मला दिसत होतं. स्टूल ओढून बसले आणि लिहिलं, "ताई, जेवत नाहीस म्हणे."

"तुला कुणी सांगितलं? तुझ्या बायकोने? तिच्या पोटात काही राहील तर शपथ."

बुवा हसले. त्यांचं हसू म्हणजे आता नुसते खांदे हलायचे. त्यांनी वायर जोडली आणि पुन्हा तार छेडली. हळू. काही नाही. जोरात. फर्र. पुन्हा जोरात. फर्र. बराच वेळ ते तेच करत राहिले, आणि मग त्यांचा हात सावकाश स्वतःच्या मानेकडे गेला. पाटी घेऊन ते लिहू लागले. ताई खांद्यावरून वाचत होत्या.

"ऑपरेशननंतर पहिल्यांदा बोलायला गेलो तेव्हा माझंही असंच झालं. जोर लावला की फर्र. गाताना श्वास खाली जातो, तळाला टेकतो, आणि तिथून आवाज वर येतो. याला खाली जायला जागाच नाही गं."

ताईंनी शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. मग कपाळावर हात मारला तो असा, की बल्ब हलला.

"खाली जागा नाही! अरे देवा... माझ्या देवा!"

त्यांनी मीटर ओढलं. एक सुई जमिनीवर, एक माच्यावर. "शून्य पॉइंट आठ," त्या पुटपुटल्या. "साडेचार हवं. मध्य मध्यावर नाहीच!" डबी तशीच उचलून त्या जिन्याबाहेर पायरीवर गेल्या, उन्हात. बुवा पाठोपाठ. मी काडेपेटीत, पण काडेपेटी आता ताईंनी साडीवर घातलेल्या कामाच्या झग्याच्या खिशातून डोकावत होती, त्यामुळे मीही पाठोपाठच.

"हा बघ. याची तिसरी पट्टी कोणती?" ताईंनी विचारलं.

बुवांनी लिहिलं, "लाल."

"आणि याची?"

"नारिंगी."

ताई पायरीवर बसल्या. पदराने चष्मा पुसला, पुन्हा लावला, पुन्हा पुसला. "मला उन्हातसुद्धा दोन्ही सारखेच दिसतायत रे," त्या म्हणाल्या. "सहा महिने झाले. दिव्याभोवती वलयं दिसतात. कुणाला बोलले नाही. आणि त्या बिचाऱ्या किड्याच्या माथी मारलं सगळं."

बुवा त्यांच्या शेजारी बसले. पाटी मांडीवर घेतली. मग लिहिलं, आणि ते वाचून ताई रडता रडता हसल्या.

"तुझा हात, माझे डोळे. दोघांत मिळून एक कारागीर होतो. डाग दे, मी पट्ट्या वाचतो. आणि सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. खबरदार नाही म्हणशील तर."

त्या सकाळी बुवांनी पन्नास रेझिस्टर उन्हात धरून बघितले आणि एक निवडला. ताईंनी डाग दिला. मीटर लावलं. साडेचार. अगदी साडेचार. मग त्यांनी ती नामांकित चिप काढून काडेपेटीत ठेवली, मला बाहेर काढलं, माझे पाय बोटांनी सरळ केले आणि म्हणाल्या, "ये रे बाळा. तुझा काही दोष नव्हता."

मी माझ्या जागी बसलो. पायांखाली माचा होता. वर जागा, खाली जागा. बुवांनी तार छेडली आणि मी श्वास घेतला.

काय झालं ते मी शनिवारवरून सांगतो. गिटारवाला ठरल्याप्रमाणे गिटार न्यायला बुवांच्या घरी आला. ताईंनी दारातच त्याच्या हातात काडेपेटी दिली, ती त्याने न बघता खिशात घातली. बुवा वाजवत होते. गिटारवाला उभ्याचा बसला. सूर संपला, आणि तो सुरू झाला.

"बघा! म्हटलं नव्हतं मी? माझ्या चिपची बातच वेगळी! तिचा गोडवा बघा, ऊब बघा! भंगारातल्या चिपला जमलं असतं हे?"

"कुठली चिप म्हणता?" ताईंनी विचारलं.

"माझी! आत बसवलीय ती!"

"ती तुमच्या खिशात आहे."

काकू स्वयंपाकघरातून बाहेर आली ती हसत हसतच. गिटारवाल्याने काडेपेटी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मग मात्र तो मोकळेपणाने हसला आणि म्हणाला, "बुवा, गिटार राहू द्या तुमच्याकडेच. मला आता तिची भीती वाटते." त्याची चिपही बिचारी चांगलीच होती, मित्रांनो. तिची बदनामी नको. त्या पडक्या माच्यावर तिलाही उभं राहता आलं नव्हतं, एवढंच.

आणि मग रविवार. तीच उंच छताची खोली, तेच बाक. बुवा स्टुलावर बसले, मी त्यांच्या पायाशी. शेजारी काकू उभी राहिली, हातात बुवांची जुनी वही. तिने हरवलेल्या कोकराची गोष्ट वाचायला घेतली. जिथे वहीत लिहिलं होतं 'इथे गायचं', तिथे ती थांबली.

'टक्.'

सूर किंचित खालून आला. मित्रांनो, मी ओळखला! तार वेगळी, वाट वेगळी, गळा नाहीच. पण तेच खालून येणं, तेच मधे स्थिर उभं राहणं. वर्षानुवर्षं माझ्यातून गेलेली ती चाल पुन्हा माझ्या कानात पडत होती, आणि मी ती अंगातली होती नव्हती तेवढी ताकद लावून पुढे देत होतो. डायोडांची दारं उघडली, मिटली. तार मंदावली, मी उचलली. आणखी मंदावली, आणखी उचलली. लोकांनी आधी ऐकलं, मग कुणीतरी एकाने हळूच शब्द धरले, कारण शब्द सगळ्यांना पाठ होते. मग दुसऱ्याने. चाल बुवांची आणि शब्द लोकांचे, असं ते प्रवचन झालं.

शेवटचा सूर आला तेव्हा सगळे थांबले. पुढच्या बाकावर आता नवी मुलं होती. त्यांना जुनं काही माहीत नव्हतं, तरी एकाने बोट उघडलं. एक, दोन, तीन. काकूने डोळे मिटले. चार, पाच. ताई भिंतीला धरून उभ्या. आठ, नऊ, दहा. त्या मुलाची बोटं संपली. त्याने शेजारणीचा हात ओढला. अकरा. आणि मग सुटण्याआधीची ती बारीकशी थरथर.

खोलीत श्वास तेवढे ऐकू येत होते, त्यात बुवांचाही.

ताईंच्या डोळ्यांची आता शस्त्रक्रिया झाली आहे. दिव्याभोवतीची वलयं गेली, पण पट्ट्या वाचायला त्या अजूनही भावालाच बोलावतात. तो लाल पट्टीचा रेझिस्टर त्यांनी दोऱ्याला बांधून बुवांच्या पाटीला लटकवला आहे.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे मागणं लहानसंच आहे. तुमच्या घरातलीही एखादी जुनी वस्तू कधीतरी 'फर्र' करील. लगेच 'गेली' म्हणून काडेपेटीत टाकू नका. ती कशावर उभी आहे, ते आधी बघा. उजेडात नेऊन बघा, आणि रंग ओळखायला कुणालातरी जवळ बोलवा. वस्तूचं सांगितलं, माणसाचं तुम्हीच समजून घ्या.

आणि हो, वाजवून झालं की गिटारची पिन डबीतून काढून ठेवत जा. ती आत राहिली तर माझी बॅटरी विनाकारण झिजते. बुवा कधी विसरत नाहीत. पण घाईही करत नाहीत. लोक निघून जातात, बाक रिकामे होतात, आवाज केव्हाच थांबलेला असतो, तरी ते तारेवर हात ठेवत नाहीत. ती आपण होऊन निजेपर्यंत थांबतात. ती अजून थरथरतेय हे आता त्यांना ठाऊक आहे. तेवढं सगळं मी ऐकून घेतो, आणि मग पिन निघते.